उमेदवाराचा देव्हारा आणि मतदाराचं आडनाव

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चौदा वर्षं पुण्याच्या वस्त्यांमध्ये पाणी, रेशनकार्ड, शाळाप्रवेश या कामांत आहात आणि आता विधानसभेला उभं राहायचं घाटतंय. तुम्ही देव मानत नाही. नवरा ख्रिस्ती, लग्न नोंदणी पद्धतीचं. आई मात्र पक्की वारकरी. प्रचाराची सूत्रं ज्या मुलाकडे दिलीत त्यानं तीन गोष्टी सांगितल्या: कसबा गणपतीसमोर नारळ फोडतानाचा व्हिडिओ हवा, साहेबांना, म्हणजे तुमच्या नवऱ्याला, स्टेजवर आणायचं नाही, आणि मतदारयादीला आडनावावरून धर्माचे रंग देऊन घ्यायचे. कायद्यानं काय सांगणं भाग आहे, काय न सांगता चालतं आणि विरोधकांनी उकरून काढलं तर काय, असं तुम्ही विचारलंय.

मी वकील आहे. बावीस वर्षं उमेदवारांचे अर्ज भरणं, छाननीला शेजारी उभं राहणं आणि निकालानंतर याचिका लढवणं हेच करतोय. तुम्हाला पहिल्या दोन गोष्टींनी घोर लागलाय. मला लागलाय तो तिसरीनं. तिकडे येतोच.

आधी अर्ज. विधानसभेच्या नामनिर्देशन पत्रात धर्माचा रकाना नाही. सोबत जोडायच्या नमुना २६ च्या शपथपत्रातही नाही. गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण, उत्पन्न, सोशल मीडियाची खाती हे सगळं द्यावं लागतं, कारण सर्वोच्च न्यायालयानं २००२ आणि २००३ च्या निकालांत मतदाराचा जाणून घेण्याचा हक्क मान्य केला. त्या हक्कालाही कुंपण आहे. अरुणाचलमधल्या एका आमदाराच्या प्रकरणात एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं सांगितलं की उमेदवारीशी संबंध नसलेल्या बाबतीत उमेदवारालाही खासगीपणाचा हक्क आहे, मतदारापुढे आयुष्य कणाकणानं उलगडून ठेवायची सक्ती नाही. आणि २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं तर असं म्हटलं होतं की आपला कोणताच धर्म नाही, असं सांगण्याचा नागरिकाला हक्क आहे आणि सरकार कुणालाही फॉर्मवर धर्म लिहायला भाग पाडू शकत नाही. म्हणजे तुम्ही काय मानता हे सांगायला कायदा तुम्हाला कुठेही लावत नाही.

पण शपथपत्रात जोडीदाराचा रकाना आहे. नाव, पॅन, उत्पन्न, मालमत्ता, व्यवसाय. हा कागद निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर फलकावर लागतो आणि आयोगाच्या साइटवर चढतो. साहेबांच्या नावावरून जे कळायचं ते अर्ज भरल्याच्या संध्याकाळीच सगळ्या मतदारसंघाला कळेल. रकाना रिकामा सोडलात तर अर्ज बाद होऊ शकतो; खोटी माहिती दिलीत किंवा दडवलीत तर कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हा त्यांना स्टेजवर आणायचं नाही ही त्या मुलाची युक्ती फार तर तोवर टिकेल.

आणि पुण्यात तसंही काय लपतं? १८९० मध्ये टिळक, रानडे आणि गावातली प्रतिष्ठित मंडळी पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेली होती, तिथं चहा-बिस्किटं पुढे आली. गोपाळराव जोशांनी हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’ मध्ये छापून आणली. ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि प्रायश्चित्तावर येऊन थांबलं. एक कप चहा! तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं.

एक जागा मात्र अशी आहे जिथं कायदा तुमच्या श्रद्धेच्या अगदी जवळून जातो, आणि बहुतेक उमेदवार तिथं बेसावध असतात. अर्ज दाखल झाला की अधिकाऱ्यासमोर संविधानाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागते. छापील कागदावर दोन पर्याय असतात: ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’. नको ते खोडायचं. दोन्हींचं वजन सारखंच. मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एक उमेदवार, अख्खं आयुष्य विवेकवादी चळवळीत काढलेले. शेवटचा दिवस, बाहेर ढोल, आत दहा-पंधरा माणसं. कारकुनानं सवयीनं खालची ओळ खोडून कागद पुढे सरकवला. त्यांनी तो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता वाचून टाकला. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘चाळीस वर्षांत पहिल्यांदा खोटं बोललो, तेही संविधानाच्या नावानं.’ त्या कारकुनाचा काही हेतू नव्हता. तुम्ही कागद स्वतःच्या हातात घ्या, ओळ स्वतः खोडा. शपथ छाननीच्या आदल्या दिवसापर्यंत झालेली असली पाहिजे, एवढं विसरू नका. खोलीत कॅमेरे असतात, ‘दृढकथन’ हा शब्द बाहेर जाऊ शकतो. जाऊ दे. निवडून आलात तर सभागृहात हाच पर्याय पुन्हा समोर येणार आहे.

तुमचा मतदारसंघ खुला आहे म्हणून इतकं सरळ आहे. पुणे कॅन्टोन्मेंट किंवा पिंपरी असता, म्हणजे अनुसूचित जातींसाठी राखीव, तर धर्म हा पात्रतेचाच मुद्दा झाला असता, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. केरळात देवीकुलमच्या आमदाराची २०२१ ची निवड यावरूनच कोर्टात गेली. चर्चची नोंदवही आणि लग्नाचे फोटो पुरावा म्हणून पुढे आले, उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये निवड रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तो निकाल फिरवला. चार वर्षं एका माणसाच्या लग्नाचे कपडे वकील तपासत होते.

आता नारळ. आचारसंहिता सांगते की मंदिर, मशीद, चर्च किंवा कुठलंही प्रार्थनास्थळ प्रचाराचं व्यासपीठ म्हणून वापरायचं नाही. दर्शनाला जायला बंदी नाही. म्हणून पुण्यातले बहुतेक उमेदवार कसब्याच्या गणपतीला हात जोडतात आणि बाहेर येऊन रिक्षावरचा भोंगा सुरू करतात. आत भाषण नाही, झेंडा नाही, गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून खिशात. एवढं पाळलं की कायद्याचं काम संपलं.

तुमचं काम तिथं संपत नाही. माझा सल्ला: फोडू नका. यात तत्त्वाचा आव मी आणत नाही, माझं कारण धंदेवाईक आहे. डॉ. दाभोलकरांचा खून झाला त्या पुलावर २० ऑगस्टला जमणाऱ्यांत तुम्ही दरवर्षी असता असं तुम्हीच लिहिलंय. ते फोटो कुणाच्या तरी फोनमध्ये आहेतच. नारळाचा व्हिडिओ आला की तासाभरात दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून फिरतील. मग प्रश्न तुमच्या श्रद्धेचा राहणार नाही, खरेपणाचा होईल, आणि तो तुम्ही स्वतःच्या हातानं काढून दिलेला असेल. स्वतःहून प्रचारात आणलेली गोष्ट नंतर ‘हा माझा खासगी विषय’ म्हणून परत नेता येत नाही. कोर्टात नाही आणि पेठेतल्या कट्ट्यावर तर मुळीच नाही. नारळाऐवजी फुलेवाड्यापासून सुरुवात करू असं कुणी सुचवेल. करा हवं तर, पण तेही विधानच आहे, त्याचीही उत्तरं द्यावी लागतील. मला विचाराल तर ज्या वस्तीत तुमच्यामुळे नळ आला तिथल्या नळापासून निघा.

आईंचं निराळं. पोरगा उद्या म्हणेल, आजींची तुळशीची माळ क्लोजअपमध्ये घेऊ. आधी आईंना विचारा. माळ त्यांची आहे. कदाचित त्या आनंदानं पुढे येतील, कदाचित म्हणतील की विठोबाला मतं मागायला नेऊ नकोस. दोन्हींपैकी जे म्हणतील ते शेवटचं.

पदयात्रेत दारोदार औक्षण होईल, ते मात्र नाकारू नका. ताट घेऊन उभी असलेली बाई तुमची परीक्षा घेत नसते. मान थोडी खाली करा, कुंकू लावू द्या, पुढच्या दारात जा. मी पाहिलेल्या कडव्यातल्या कडव्या नास्तिकांनीही इथं वाद घातला नाही, आणि ज्या एकानं घातला तो त्या गल्लीत पुन्हा गेला नाही.

विरोधकांनी उकरून काढलं तर काय, याचं उत्तर दोन घड्याळांवर चालतं. प्रचाराचं घड्याळ पंधरा दिवसांचं, कोर्टाचं वर्षांचं.

कोर्टाचं आधी सांगतो, कारण त्याची लोकांना भलतीच आशा असते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३(३): धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवारानं, त्याच्या एजंटानं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलं तर तो गैरप्रकार, आणि निवड रद्द होऊ शकते. आपल्याकडे हे खरोखर झालेलं आहे. विलेपार्ल्याच्या डिसेंबर १९८७ च्या पोटनिवडणुकीतली रमेश प्रभू यांची निवड बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांवरून उच्च न्यायालयानं रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम केलं, आणि पुढे ठाकरे यांचा मतदानाचा हक्कही सहा वर्षांसाठी गेला. कलमातल्या ‘त्याच्या धर्माच्या’ या शब्दांत नेमका कुणाचा धर्म येतो, फक्त उमेदवाराचा की मतदाराचाही, यावर पुढे सात न्यायमूर्ती बसले. २ जानेवारी २०१७ ला, ४ विरुद्ध ३ मतांनी, उत्तर आलं: उमेदवार, प्रतिस्पर्धी, आवाहन करणारा आणि मतदार, सगळ्यांचा. वादाचं मूळ होतं सांताक्रूझची १९९० ची निवडणूक. सत्तावीस वर्षं एका सर्वनामासाठी.

तुमच्या बाबतीत यात एक बारीक फट आहे. ‘हिला मत देऊ नका, हिनं धर्म बदलला’ असं कुणी म्हटलं तर ते तुमच्या धर्मावर बोट आहे, कलमात बसतं. ‘हिचा नवरा बघा कोण आहे’ एवढंच म्हटलं तर समोरचा वकील उभा राहून सांगेल की नवरा ना उमेदवार ना प्रतिस्पर्धी. मी युक्तिवाद करीन की रोख बाईंवरच आहे. न्यायमूर्ती मान्य करतीलच असं तुम्हाला लिहून देणार नाही. खोट्या प्रचारासाठी कलम १२३(४) आहे, पण त्याला वैयक्तिक चारित्र्य किंवा वर्तनाविषयीचं खोटं विधान लागतं. आता तुम्हीच सांगा, ख्रिस्ती म्हणवलं जाण्यात चारित्र्याला डाग कसला? तो डाग आहे असं मी कोर्टात म्हणायचं का? हा युक्तिवाद करताना माझीच जीभ अडखळते, आणि तुमच्या घरात तो कसा ऐकला जाईल याचाही विचार करा.

वर, संमती सिद्ध करणं हे खरं दुखणं. निनावी मेसेज कुणाच्या संमतीनं फिरला? पुरावा फौजदारी खटल्याच्या तोडीचा लागतो. याचिका निकालानंतर ४५ दिवसांत, उच्च न्यायालयात. मतदानाआधी कोर्ट निवडणुकीच्या मधे पडत नाही. (महापालिकेची गोष्ट वेगळी. तिथं हा कायदा नाही, राज्य निवडणूक आयोग आणि महापालिका अधिनियम. तिथला अनुभव इथं लावू नका.)

म्हणून पंधरा दिवसांच्या घड्याळात काय करायचं ते पाठ करा. पत्रक आलं की आधी खाली मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव आहे का पाहा. नसेल तर कलम १२७अ चा भंग तिथंच झाला, मजकुराचा वाद घालायचीही गरज नाही. सी-व्हिजिल या निवडणूक आयोगाच्या ॲपवर तक्रार टाका, त्यावर १०० मिनिटांत कारवाई अपेक्षित असते. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे लेखी द्या, पोच घ्या. व्हिडिओ किंवा व्हॉइस नोट असेल तर ज्या फोनवर पहिल्यांदा आली तो फोन बाजूला ठेवा, फॉरवर्ड करत बसू नका. जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीवरूनच २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ साधन कोर्टात आणणार नसाल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र हवंच. या प्रमाणपत्राचं कलम आता नव्या भारतीय साक्ष अधिनियमात ६३ व्या क्रमांकावर आलंय. प्रमाणपत्राविना आलेला उत्तम पुरावा मी केराच्या टोपलीत जाताना पाहिलाय.

आणि तोंडी उत्तर एकदाच, तुमच्याच तोंडून, अर्ज भरल्याच्या दिवशी: ‘आमचं लग्न नोंदणी पद्धतीचं. घरात कोण काय मानतं हा आमच्या घरातला विषय. पाण्याबद्दल विचारा.’ त्यापुढे एक वाक्यही नाही. साहेबांना स्टेजच्या बाजूला, नेहमी बसतात तसं बसू द्या.

आता यादी.

मतदारयादीत नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, लिंग, घर क्रमांक आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. धर्म नसतो, जात नसते, मोबाइल नंबर नसतो. हे सगळं वरून चढवलं जातं. मला दर निवडणुकीत कुणी ना कुणी लॅपटॉप उघडून दाखवतं: उजवीकडे ‘समाज’ नावाचा रकाना, ओळींना हिरवा, भगवा, निळा, पिवळा रंग, आणि पिवळ्यावर टीप, ‘डाउटफुल’. नंबर कुठून आले? गणेश मंडळाच्या वर्गणीच्या पावत्यांवरून, हळदीकुंकवाच्या वहीतून, आणि सगळ्यात पक्के, देवदर्शनाच्या यात्रेतून. निवडणुकीच्या वर्षी काशी-उज्जैनला बसगाड्या निघतात, बायका आधारकार्डाची झेरॉक्स आणि नंबर स्वतः देतात. ती वही म्हणजे कोण कुठल्या देवाला जातं याचं रजिस्टर असतं.

आडनावावरून रंग देण्याची गंमत ऐका. इनामदार, देशमुख, पाटील, मुलाणी, साळवे, गायकवाड. यातलं कुठलं आडनाव कुठल्या धर्माचं, सांगा पाहू. एका उमेदवाराच्या ऑफिसातून यादीतल्या झाडून सगळ्या इनामदारांना ईदचं शुभेच्छापत्र गेलं. सदाशिव पेठेतल्या एका आजोबांचा दुसऱ्या दिवशी फोन आला: ‘कार्ड सुंदर आहे. शिरखुर्मा कधी पाठवताय?’ सगळे हसले. मीही हसलो. पण त्याच यादीत ज्यांचा रंग बरोबर लागला होता त्यांच्याकडे कार्ड पोचलं तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, हे तिथं कुणी विचारलं नाही. तुम्ही कोण आहात हे आम्ही लिहून ठेवलंय, असं ते कार्ड न बोलता सांगत होतं.

कायदा इथं तोकडा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत संवेदनशील माहिती म्हणून पासवर्ड, बँक, आजार, बायोमेट्रिक हे आहे, धर्म नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा असा वेगळा वर्गच करत नाही. तरी त्यात संमतीचा पाया आहे: ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी वापरायची. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात, म्हणजे पुढच्या विधानसभेच्या आधी. आरतीची वेळ कळावी म्हणून दिलेल्या नंबरावर तुमचा प्रचार गेला तर उत्तर द्यावं लागू शकतं. शिवाय २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आहे. तो मतदाराचाही आहे.

पण दंडाच्या भीतीनं मी हे सांगत नाही. मतमोजणीनंतर नमुना २० निघतो, त्यात मतदान केंद्रनिहाय आकडे असतात. एका केंद्रावर साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे दोन-तीन गल्ल्या. तुमच्या रंगवलेल्या यादीशेजारी हा नमुना ठेवा. कुणी तुम्हाला मत दिलं नाही हे जवळजवळ नावानिशी वाचता येतं. कागदी मतपत्रिका मोजण्याआधी एकत्र मिसळता यायच्या. मशिनांची मतं एकत्र मोजणाऱ्या टोटलायझरचा प्रस्ताव आयोगानं २००८ मध्ये दिला, विधी आयोगानं २०१५ मध्ये पाठिंबा दिला, झालं काही नाही. गुप्त मतदानातलं जे उरलंय ते पक्षाच्या ऑफिसात अशी यादी नसण्यावर टिकून आहे. आणि ती यादी ऑफिसात राहत नाही. तिकीट नाकारलेला कार्यकर्ता पेन ड्राइव्ह घेऊन पलीकडे जातो. गावात एखादी रात्र वाईट उगवली तर घर क्रमांकासकट धर्म लिहिलेला कागद कुणाच्या हातात असेल, हे सांगता येत नाही.

आणखी एक बारकी गोष्ट. औक्षणाचा रील काढणाऱ्या पोराला सांगा की कॅमेरा तुमच्यावर ठेव. मी एकदा उमेदवाराचा रील पाहत होतो. ती बाई निरांजन ओवाळतेय आणि तिच्या खांद्यामागे दार उघडं, भिंतीवर येशूची तसबीर, दारावर पाटी, पाटीवर पूर्ण नाव. चाळीस हजार लोकांनी पाहिला. तिला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरातली तसबीर जगाला दिसू नये म्हणून तुम्ही मला एवढं लांब पत्र लिहिलंत.

सल्लामसलतीसाठी यादी मेलवर पाठवते असं शेवटी लिहिलंय. आत्ताच पाठवू नका. आधी ‘समाज’ चा रकाना डिलीट करा, रंग काढा, त्या मुलाच्या लॅपटॉपवरची आणि फोनमधली जुनी प्रत तुमच्यासमोर काढून टाकायला लावा, मग पाठवा.